बावटा न लावलेलं जहाज

सकाळी सात वाजता फणसवाडीच्या तोंडाशी या. मोबाइल, घड्याळ, पाण्याची बाटली घरीच ठेवा. सुट्टे पैसे मी देईन. तळहातावर घेऊन बघा: तांब्याचा पैसा, मधोमध चांगलं बोट जाईल एवढं भोक. धातू वाचवायला सरकारने गेल्या वर्षीपासून हे भोकाचे पैसे काढलेत. बायका ते दोऱ्यात ओवून कमरेला खोचतात. तांबं लढाईवर गेलंय, भोक आपल्याकडे राहिलंय.

तारीख १४ एप्रिल १९४४, वार शुक्रवार. पाडवा होऊन तीन आठवडे झालेत, उन्हाळा तापायला लागलाय. उजाडतं आभाळ म्हणतं सहा वाजलेत, चाळीतलं घड्याळ म्हणतं सात. गोंधळू नका. लढाईसाठी अख्ख्या देशाची घड्याळं तासभर पुढे सरकवलेली आहेत.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहा. समोरच्या बिऱ्हाडाच्या खिडकीकडे बघा. काचांवर खाकी कागदाच्या पट्ट्या फुलीसारख्या चिकटवल्यात, बॉम्ब पडला तर काच उडून अंगावर येऊ नये म्हणून. १९४२च्या मार्चमध्ये रंगून पडलं, तेव्हा घरोघर खळ शिजवून या पट्ट्या लावल्या गेल्या. त्याच उन्हाळ्यात अर्ध्या गिरगावाने बायकापोरं गावी पाठवली होती. बॉम्ब आले नाहीत, माणसं परत आली. आता पट्ट्यांच्या कडा सुटल्यात आणि कोपऱ्यात झुरळांनी खळ खाल्लीय. तरी कोणी त्या काढलेल्या नाहीत. गेली दोन वर्षं हे शहर एक डोळा आभाळावर ठेवून झोपतंय.

खाली रेशनच्या दुकानापुढे रांग लागलीय. गेल्या मे महिन्यात मुंबईत रेशन सुरू झालं, तेव्हापासून पिशवी आणि कार्ड घेतल्याशिवाय दिवस उजाडत नाही. पायरीवर बसलेला म्हातारा ‘नवाकाळ’ मोठ्याने वाचतोय: जपानी फौजा इंफाळ-कोहिमाच्या तोंडाशी भिडल्यात. गांधीजी अजून पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत आहेत, कस्तुरबांना जाऊन दोन महिनेही झाले नाहीत. रांगेतल्या बाईला यातलं काही नको आहे. तिला तांदूळ आज मिळणार का, एवढंच हवंय.

चला, ट्राम आली. वरच्या मजल्यावर बसा, वारा लागेल.

*

धोबीतलाव, भायखळा करत, मध्ये एकदा ट्राम बदलून आपण दादरला येतो. ‘दादर टीटी’ म्हणताना तुम्ही त्या टीटीचा कधी विचार केला नसेल. इथे रूळ संपतात, ट्राम टर्मिनस ते हेच. पाच मिनिटं चाललात की हिंदू कॉलनीतलं ‘राजगृह’ लागतं. पुस्तकांसाठी बांधलेलं हे घर. मालक सध्या व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री, त्यामुळे मुक्काम बराचसा दिल्लीत. आज त्यांना त्रेपन्न वर्षं पूर्ण होतायत. नायगावच्या बीडीडी चाळींत पोरं पताका बांधतायत, कोणीतरी ढोलकी तापवतंय. एवढं लक्षात ठेवा, कारण संध्याकाळी ही ढोलकी वाजणार नाही.

परळवरून लालबागकडे खाली उतरताना भोंगा ऐकू येईल. दचकू नका, तो गिरणीचा आहे. धोक्याचा भोंगा वेगळा. मात्र लालबागच्या नवख्या सासुरवाशिणीही पहिले काही दिवस दचकतात. गिरण्या रात्रंदिवस चालू आहेत, साच्यांवर खाकी कापड सुटतंय. नाक्यावरच्या इराण्याकडे बसू. रात्रपाळी सुटलेला एक गडी समोर चहा बशीत ओततोय. साताऱ्याकडचा, केसांत आणि भुवयांत कापसाचा भुरा. ब्लो रूममध्ये गाठी फोडायचं काम करतो. त्याला आगीबद्दल विचारा, आपल्याला पुढे लागणार आहे.

“कापसाची आग कशी असते?”

“लाकडासारखी न्हाई बघा,” तो म्हणतो. “दाबून बांधल्याली गाठ असती. वरनं इझल्यागत दिसतीया आन् आत धुमसत ऱ्हातीया. पानी मारलं तरी वरच्या वर. गाठ फोडून पसरल्याबिगर ती मरत न्हाई. तेलाचा हात लागल्याली आसंल तर आपल्या आपन बी तापती.”

एवढं बोलून त्याने बशी तोंडाला लावली. त्याच्या डोक्यामागे भिंतीवर युनियनचा जुना कागद आहे. गिरणगावात ‘लाल बावटा’ म्हटलं की गिरणी कामगार युनियन, १९२८च्या संपापासून. सध्या त्या बावट्याची भूमिका अवघड झालीय. रशिया लढाईत उतरल्यापासून कम्युनिस्ट पक्षाने हिला लोकयुद्ध ठरवलं, त्यामुळे उत्पादन थांबवू नका असं सांगावं लागतं. पण बावटा म्हणजे काय हे इथे कोणाला समजावावं लागत नाही. काठीवर लाल फडकं चढलं की माणसं थांबतात, बघतात, विचारतात.

उठा. मासळीच्या पाट्या घेऊन बायका चालल्यात त्या वाटेने जाऊ. बारा वर्षांपूर्वी यांची बसायची जागा गेली, तेव्हा इथल्या कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी गणपतीला नवस केला. बाजाराला जागा मिळाली आणि १९३४ साली लालबागचा गणपती बसला, पहिल्या वर्षी कोळ्याच्या वेशात. गिरणगाव गिरणगाव म्हणतात, पण त्याच्या देवाच्या डोक्यावर पहिली टोपी कोळ्याची चढली. समुद्र इथून दिसत नाही, म्हणून लोकांना वाटतं तो नाही.

*

काळाचौकीवरून पूर्वेला चालत सुटलात की वास बदलत जातो. कापूस, तेल, मग कोळसा, मग ओलं लाकूड, मग खारट चिखल. मुंबईला नदी म्हणून जी काही आहे ती मिठी, आणि तीही पार माहीमला. शहराचं नदीसारखं जगणं चालतं ते इथे, पूर्वेच्या खाडीवर. नावंच वाचा: कोळसा बंदर, लकडी बंदर, गवत बंदर. जे उतरायचं त्याचं नाव धक्क्याला. दारूखानाही याच रांगेत आहे. दारू म्हणजे बंदुकीची. ती वस्तीपासून दूर ठेवायची, एवढी अक्कल नावातच शिल्लक आहे.

माझगावच्या बाजूला एक मचवा ठरवलाय. जपून चढा, फळी ओली आहे. तांडेल पन्नाशीचा, कमरेला रुमाल, पायाची बोटं फळीवर पसरून उभा. शिडाची दोरी सोडता सोडता तो पाण्याकडे बघतो.

“आज भांगाचा पानी हाय. जोर नाय त्याला.”

पौर्णिमा उलटून सहा दिवस झालेत. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, सप्तमी-अष्टमीच्या आसपास भांग. भांगात भरती फार चढत नाही, ओहोटी फार उतरत नाही. कोळ्याला हे पंचांग न उघडता कळतं. गोदीलाही हे लागू आहे: प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या दोन्ही गोद्यांचे दरवाजे भरतीच्या वेळी उघडतात, तेव्हाच जहाज आत किंवा बाहेर. मनात आलं म्हणून कुणाला निघता येत नाही.

मचवा सरकतोय. डावीकडे लांबवर करंजाची टेकडी, मध्ये घारापुरी, आणि पाण्यावर राखाडी रंगाच्या लढाऊ बोटी. त्यांच्यामधून मंगळुरी कौलं भरलेली एक फत्तेमारी डुलत येतेय, जणू तिला लढाईबद्दल कोणी सांगितलेलंच नाही. उजवीकडे भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, लोकांचे भाऊ रसूल, यांनी शंभर वर्षांपूर्वी भरणी घालून धक्का बांधला. जागा सरकली, नाव टिकलं. धक्क्यावर चाकरमान्यांची गर्दी आहे: वळकट्या, पत्र्याच्या ट्रंका, पिंपात भरून घेतलेलं रॉकेल, रडणारी पोरं. रेवसला जाणारी लाँच सुटतेय. वल्ह्यांच्या होड्या आगबोटीभोवती माश्यांसारख्या घोंगावतायत.

तांडेलाला विचारा, ही एवढी बोटींची भाषा तुम्हाला कशी कळते.

“बावट्यानं,” तो म्हणतो, आणि हाताने दाखवत जातो. हा पायलटाचा. तो आजारी माणूस असल्याचा. वादळाचा लागला की कोकणची बोट बंद, धक्क्यावर चार दिवस मुक्काम. “आनि लाल लावला का समजायचं, पोटात दारू हाय. तिच्या जवल जावाचा नाय.”

गोदीच्या तोंडापासून तो लांबच राहतो. भिंतीपलीकडे डोलकाठ्या आणि धुराडी दिसतात. त्यातलं एक धुराडं व्हिक्टोरिया गोदीच्या एक नंबर धक्क्यावरचं. बघून घ्या. त्या डोलकाठीवर लाल बावटा नाही.

*

जेवण मचव्यावरच: तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याचं कालवण, कांदा. तुम्ही जेवा, मी त्या जहाजाचं सांगतो.

नाव ‘फोर्ट स्टिकीन’. १९४२ साली कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्रिन्स रुपर्टला बांधलेलं, सात हजार टनांचं, लढाईच्या घाईत बांधलेल्या कित्येकांपैकी एक. २४ फेब्रुवारीला इंग्लंडमधल्या बर्केनहेडहून निघालं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि दारूगोळा: टॉर्पेडो, सुरुंग, तोफगोळे. शिवाय सुटी केलेली स्पिटफायर विमानं. आणि पोलादी पेटीत सोन्याच्या १२४ विटा, एकेक साडेबारा किलोंच्या आसपास. कराचीत काही माल उतरला आणि रिकाम्या जागेत नवा चढला: कापसाच्या ८,७०० गाठी, तेलाची पिंपं, इमारती लाकूड, भंगार, मासळीचं खत. कप्तान नेस्मिथला ही भेळ पसंत नव्हती, पण लढाईत रिकामी जागा नेणं हा गुन्हा मानला जात होता. दोन नंबरच्या खणात खाली कापूस आणि वर स्फोटकं अशी रचना झाली.

बुधवारी, १२ तारखेला, ते इथे लागलं. दारूगोळ्याचं जहाज गोदीत आणायचं नाही, बाहेर उभं करून होड्यांत उतरवायचं, ही शांततेतली रीत. लढाईत ती मोडली. लाल बावटा लावायचा, ही दुसरी रीत; शत्रूच्या हेराला कळू नये म्हणून तीही मोडली. शत्रूला कळलं नाही. बाजूच्या जहाजांनाही कळलं नाही, मुकादमाने रोजावर आणलेल्या टोळ्यांनाही नाही, आणि शेजारच्या भिंतीला टेकून झोपड्या बांधून राहणाऱ्यांना तर नाहीच.

आता भाकरी संपवा. दोन वाजत आलेत.

आत्ता, आपण या पाण्यावर डुलत असताना, त्या दोन नंबरच्या खणातून धूर दिसलाय. शेजारच्या जहाजांवरच्या काहींना तो आधीच दिसला होता, पण धूर बघून काय समजायचं हे सांगणारं फडकं वर नव्हतं. बंब आले. पाण्याचे पाइप खणात सोडले गेले. पुढचे दोन तास ९०० टनांहून जास्त पाणी आत ओततील, पाणी उकळायला लागेल, जहाजाची बाजू बाहेरून तापून रंग सोडेल, आणि आगीचं मूळ सापडणार नाही. लालबागच्या इराण्याकडचा तो गडी आठवतोय? गाठ आत धुमसत राहते. पाणी भरल्याने त्यावर तरंगणाऱ्या गाठी वर, स्फोटकांच्या जवळ जातायत.

धक्क्यावर साहेब लोक वाद घालतायत. एक म्हणतो, बुडवा इथेच. पण इथलं पाणी एवढं उथळ, की बुडवूनही अर्धं वरच राहील. दुसरा म्हणतो, ओढून बाहेर न्या. पण जहाजाचं इंजिन दुरुस्तीसाठी खोललेलं, आणि गोदीचं तोंड अरुंद. तुम्ही जाऊन ओरडलात तर? फाटकावरचा शिपाई पास विचारेल. आत पोचलात तरी काय सांगाल? अधिकाऱ्यांना जहाजात काय आहे ते माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना पळा म्हणाल, तर मुकादम विचारेल, बावटा कुठाय?

तांडेल मचवा वळवतोय. त्याला काही सांगू नका. त्याने वारा आणि धूर दोन्ही पाहिलेत.

*

साडेतीनपर्यंत भंडारवाडा टेकडीवर चढा. वर पाण्याची टाकी आणि बाग आहे, खाली गोदी पसरलीय. माझगावचा किल्ला कधीकाळी इथेच होता. झाडाच्या बुंध्याला पाठ लावून बसा, काच असलेल्या इमारतीजवळ नको.

३:५० ला जहाज सोडायचा हुकूम होतो. बंबवाले पाइप सोडत नाहीत.

४:०६.

आधी उजेड. दुपारच्या उन्हातही सावली पडावी असा. मग टेकडी तुमच्या पाठीखालून सरकते, आणि आवाज ऐकू येत नाही, तो छातीवर येऊन बसतो. कान बंद. पाखरं झाडावरून गळून पडल्यासारखी उडतात. गोदीच्या जागी धुराचा खांब आणि त्याच्या टोकाला हजारो ठिपके. ते ठिपके म्हणजे पेटलेला कापूस, लोखंड, लाकूड आणि नको ते. ‘जलपद्म’ नावाचं चार हजार टनांचं जहाज उचललं जाऊन शेडच्या छपरावर टेकलंय. काचा बारा किलोमीटरवरच्याही फुटतात. हजारो मैल लांबवरच्या लढाईसाठी लावलेल्या खाकी पट्ट्यांनी आज पहिल्यांदा काम केलं.

आता खाली रस्त्याकडे बघा, हेच बघायला मी तुम्हाला आणलंय. माणसं घरांतून धावत बाहेर आलीत, आणि सगळी मान वर करून आभाळाकडे बघतायत. विमानं शोधतायत. जपानी आले, असं कोणीतरी ओरडतंय. आभाळात काही नाही. दोन वर्षं ज्या दिशेला डोळे लावले तिकडून काही आलंच नाही. लढाई पाण्यावरून आली, दोन दिवस एक नंबर धक्क्यावर उभी होती.

४:३४ ला दुसरा स्फोट. हा पहिल्याहून मोठा. हजार मैलांवर शिमल्याच्या भूकंपमापकावर रेघ उमटते. जळता कापूस आता मांडवीवर, दाणाबंदरावर, गुदामांवर, चाळींवर उतरतोय, आणि रेशनच्या शहरात धान्याची कोठारं पेटतायत. सकाळच्या रांगेतल्या बाईचा तांदूळ त्यातच कुठेतरी असेल.

*

परतताना जे. जे.च्या बाजूने जायचं नसेल तर सांगा. पण जायला हवं. हातगाड्या, व्हिक्टोरिया, ट्रक, जे मिळेल त्यातून माणसं आणतायत. कोळशाच्या टोळीतला माणूस आणि भाजलेला माणूस वेगळा ओळखू येत नाही.

गिरगावात पोचता पोचता रात्र होते, पण दिवे लागत नाहीत आणि लागायची गरजही नाही. पूर्वेच्या आभाळाचा उजेड गॅलरीत वाचता येईल एवढा आहे. मांडवीहून आलेली बिऱ्हाडं जिन्यावर बसलीत, शेजारणी त्यांना पिठलं-भात देतायत, त्याच मोजून आणलेल्या रेशनातून. गप्पांत एक गोष्ट फिरतेय: एका पारशी गृहस्थाच्या गॅलरीत छप्पर फोडून सोन्याची वीट येऊन पडली. ती खरी आहे. त्याने ती परत केली, आणि मिळालेलं ९९९ रुपयांचं बक्षीस मदतनिधीला दिलं.

आग आटोक्यात यायला तीन दिवस लागतील. ८,००० माणसं सात महिने राबून सुमारे पाच लाख टन ढिगारा उचलतील. दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातलं सायगाव रेडिओ या स्फोटाची सविस्तर बातमी देईल. इथल्या बातमीदारांना ती बाहेर धाडायची परवानगी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मिळेल. ज्या शत्रूपासून लपवायला बावटा लावला नाही, त्याला मुंबईची बातमी जगाआधी मिळाली. चौकशीत घातपाताचा पुरावा निघाला नाही. कापसाला आग, बहुधा कुणाच्या तरी सिगारेटने.

*

आता परत या. सकाळ, आजची. भाऊच्या धक्क्यावर मांडव्याची रो-रो लागलीय, गाड्या पोटात शिरतायत. व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या दोन्ही गोद्या भराव घालून बुजवल्या. जिथे पाणी होतं तिथे आता चालता येतं. सोन्याच्या विटा मात्र पुढे कित्येक वर्षं बंदराच्या गाळातून निघत राहिल्या. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्या दिवशी गेलेल्या ६६ जवानांचं स्मारक आहे. दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात, तो त्यांच्यासाठी.

बाकीच्यांचा हिशेब असा सांगतात: जवान धरून गोदीच्या विविध खात्यांतली २३१ माणसं, आणि ५००हून अधिक नागरिक. काही अंदाज एकूण आकडा १,३०० वर नेतात. या दोन आकड्यांमधलं अंतर बघा. रोजावर आलेला, मुकादमाच्या हाळीवर आत शिरलेला, कुठल्याच हजेरीत नसलेला माणूस त्या अंतरात आहे. सकाळी त्याला कोणी सांगितलं नाही, संध्याकाळी त्याला कोणी मोजलं नाही.

तो भोकाचा पैसा तुमच्याकडेच राहू द्या. आणि रो-रो सुटण्याआधी जरा कठड्याशी उभे राहा. बाजूने मासेमारीची एक होडी बाहेर पडतेय, डोलकाठीवर उन्हाने विटलेलं फडकं. ते कसलं आहे म्हणून खलाशाला विचारा. तो सांगेल, पाण्यावरच्या माणसाला विचारलं की तो सांगतो.